तलकाडचा होन, टिपूचा पैसा आणि नाण्यांवरील सनांचा मेळ

म्हैसूरपासून कावेरीच्या काठाने खाली गेले की तलकाड हे जुने राजधानीचे गाव लागते. एके काळी गंग राजांचे वैभव पाहिलेले हे नगर आज मुख्यतः वाळूसाठी प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या वाळूच्या टेकड्यांनी तेथील देवालये गिळली. काही देवालयांची दारे वाळू उपसल्यावाचून दिसत नाहीत. अशा या गावाने भारतीय नाणेशास्त्राला एक सुंदर नाणे मिळवून दिले आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याने इ. स. १११६-१७ च्या सुमारास चोळांच्या अधिकाऱ्याकडून तलकाड जिंकले व त्या विजयाची आठवण म्हणून सोन्याचे नाणे पाडले. सुमारे चार ग्रॅम वजनाच्या या नाण्याच्या एका बाजूस सिंहासारखा प्राणी असून दुसऱ्या बाजूस कन्नड लिपीत ‘श्री तलकाडुगोंड’, म्हणजे तलकाड घेणारा, अशी अक्षरे आहेत.

या नाण्यावर राजाची बिरुदावली आहे. सन मात्र नाही. ते केव्हा पाडले हे ठरविण्यासाठी शिलालेखांकडे वळावे लागते. बेलूर येथील लेखात शके १०३९, हेविळंबी संवत्सर असा काळ दिलेला आहे, तो इ. स. १११७ होय. अशा लेखांच्या आधाराने नाण्याचा काळ अनुमानाने निश्चित होतो. शिवाजी महाराजांच्या होनाचीही हीच स्थिती आहे. त्यावर नाव आहे, वर्ष नाही.

मुसलमानी राजवटींच्या नाण्यांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांवर बहुधा टांकसाळीचे नाव असते आणि सनाचा आकडाही असतो. यामुळे इतिहासकाराचे काम अगदी सोपे झाले असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि तो आकडा कोणत्या कालगणनेचा, ती कालगणना कोठून सुरू झाली आणि तिचे वर्ष किती दिवसांचे, हे ठाऊक नसेल तर छापलेला आकडाच अभ्यासकाला फसवितो. याचे उत्तम उदाहरण तलकाडच्या वरच्या अंगाला, त्याच कावेरीच्या बेटावर वसलेल्या श्रीरंगपट्टणच्या टांकसाळीत सापडते.

टिपू सुलतानाचा तांब्याचा पैसा दक्षिणेत अनेकांनी पाहिला असेल. त्यावर हत्तीचे चित्र असते. अशा एखाद्या पैशावर फार्सी अंकांत १२२१ हा आकडा आहे असे समजू. आकडा स्वच्छ आहे, झिजलेला नाही. अभ्यासक कोष्टक उघडतो; हिजरी १२२१ हे वर्ष मार्च १८०६ मध्ये सुरू होऊन मार्च १८०७ मध्ये संपले असे त्यास आढळते. पण टिपू तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत मारला गेला. मग त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी हा पैसा पाडला कोणी? त्या वेळी गादीवर तिसरे कृष्णराज वडियार होते आणि त्यांच्या पैशांवरही हत्ती आहे. तेव्हा हा पैसा त्यांचा ठरवावा, की तो बनावट म्हणून बाजूस टाकावा? दोन्ही निर्णय चुकीचे होतील. पैसा खरा आहे, टिपूचाच आहे आणि तो इ. स. १७९३-९४ मधील आहे. हे कसे, ते समजण्यासाठी प्रथम हिजरी वर्षाची घडण पाहिली पाहिजे.

हिजरी सनाचा आरंभ मुहंमद पैगंबरांनी मक्का सोडून मदिनेस प्रयाण केले त्या वर्षापासून धरतात. त्या वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे १ मोहरम, व्यवहारात शुक्रवार दिनांक १६ जुलै ६२२ हा मानला जातो. हे वर्ष केवळ चांद्र आहे. चंद्राची एक अमावास्या ते दुसरी अमावास्या हा काळ सरासरीने साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक असतो. म्हणून महिने आळीपाळीने तीस व एकोणतीस दिवसांचे धरले जातात. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात. उरलेला किंचित भाग भरून काढण्यासाठी गणिती पंचांगात तीस वर्षांच्या एका चक्रात अकरा वर्षे ३५५ दिवसांची धरतात. अशा चक्राचे एकूण १०,६३१ दिवस होतात, आणि तीनशे साठ खऱ्या चांद्रमासांचा हिशेबही जवळजवळ तितकाच येतो. चंद्राशी इतके इमान राखणारी दुसरी सोपी पद्धत नाही.

परंतु सूर्याशी या वर्षाचे काही नाते नाही. सौर वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे, व हा फरक भरून काढण्याची कोणतीही सोय त्यात नाही. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच आहेत. पण सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून ते ऋतूंशी बांधून ठेवलेले असतात. दोहोंतील भेद तलकाडच्याच एका यात्रेवरून चांगला कळतो. तेथील पंचलिंगदर्शनाचा सोहळा कार्तिकातील एका विशिष्ट योगावर होतो. तो नोव्हेंबर २००९, डिसेंबर २०१३ व डिसेंबर २०२० मध्ये झाला. अधिक मासामुळे तारखा पुढेमागे सरकल्या, तरी हिवाळ्याचा आरंभ काही सुटला नाही. हेच दिवस हिजरी पंचांगात पाहिले तर पहिल्या वेळी जिल्कादचा, दुसऱ्या वेळी मोहरमचा आणि तिसऱ्या वेळी रबिलाखरचा शेवट होता. हिजरी महिना सर्व ऋतूंमधून फिरत फिरत सुमारे साडेबत्तीस सौर वर्षांनी पुन्हा मूळ जागी येतो.

यावरून रूपांतराची मुख्य अडचण उघड होते. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो. हिजरी आकड्यात कोणतीही एकच संख्या मिळवून भागत नाही. पहिल्या वर्षी अंतर ६२१ वर्षांचे होते, ते हिजरी ७४८ मध्ये ५९९ वर आले आणि हिजरी १२०० च्या सुमारास ५८५-८६ उरले. हिजरी वर्षे सौर वर्षांच्या मागे धावत दर तेहतीस वर्षांस एक वर्ष भरून काढतात. म्हणून जुने अभ्यासक तोंडी हिशेबासाठी एक युक्ती वापरीत. हिजरी आकड्यातून त्याचे शेकडा तीन वजा करावयाचे आणि बाकीत ६२२ मिळवावयाचे. हिजरी ११०० घ्या. शेकडा तीन म्हणजे ३३, बाकी १०६७, त्यात ६२२ मिळविले की १६८९. प्रत्यक्षात हिजरी ११०० हे वर्ष २६ ऑक्टोबर १६८८ ते १४ ऑक्टोबर १६८९ असे होते. अधिक सूक्ष्म हिशेब हवा असेल तर हिजरी आकड्यास ०·९७०२२४ ने गुणून ६२१·५७७४ मिळवावे. येणारे उत्तर त्या हिजरी वर्षाचा आरंभ दाखविते. ११०० साठी ते १६८८·८२ असे येते, म्हणजे १६८८ चा ऑक्टोबर अखेर.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. हे सूक्ष्म उत्तर आजच्या ग्रेगरी पंचांगानुसार असते. इ. स. १५८२ पूर्वीच्या घटना इतिहासग्रंथांत ज्यूलियन तारखांनी देण्याची प्रथा आहे, आणि चौदाव्या शतकात या दोहोंत आठ दिवसांचे अंतर होते. इंग्रजांनी तर जुने पंचांग १७५२ पर्यंत सोडले नाही. म्हणूनच शिवराज्याभिषेकाची तारीख इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने ६ जून १६७४ आणि नव्या पद्धतीने १६ जून १६७४ अशी दोन प्रकारे येते. दिवस एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

गणिताची खात्री कशी पटवावी हे पाहण्यासाठी बहमनी राज्याच्या स्थापनेचा दिवस घेऊ. हसन हा दौलताबादेस गादीवर बसला तो दिवस २४ रबिलाखर हिजरी ७४८, वार शुक्रवार. त्यापूर्वी हिजरी सनाची ७४७ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांतील ७२० वर्षांची तीस-तीस वर्षांची चोवीस चक्रे. त्यांचे दिवस २,५५,१४४. उरलेल्या सत्तावीस वर्षांत दहा वर्षे ३५५ दिवसांची व सतरा ३५४ दिवसांची. त्यांचे दिवस ९,५६८. चालू वर्षातील मोहरम, सफर व रबिलावल या तीन महिन्यांचे ८९ दिवस आणि रबिलाखरचे मागे पडलेले २३. एकूण बेरीज २,६४,८२४. या संख्येस सातांनी भागले असता बाकी शून्य उरते. म्हणजे हिजरी सनाचा पहिला वार तोच या दिवसाचा वार, शुक्रवार. इतिहासकाराने लिहिलेला वार आणि गणिताने आलेला वार जुळला. इसवी तारीख येते ३ ऑगस्ट १३४७. विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करून पाहावा. कोष्टकात नुसते बोट ठेवण्यापेक्षा त्यात अधिक शिकावयास मिळते. मात्र वार नेहमीच जुळेल असे नाही. व्यवहारात महिना प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि दिवस सूर्यास्तापासून मोजतात. आकाश अभ्राच्छादित असेल तर एका दिवसाचा फरक सहज पडतो. वार दिलेला असेल तर तो फरक कळून येतो आणि दुरुस्त करता येतो.

नाण्यावर मात्र महिना व वार क्वचितच असतात. केवळ वर्ष असले की ते दोन इसवी वर्षांवर पसरते आणि म्हणून ‘१६८८-८९’ असे जोडवर्ष लिहावे लागते. हा आळस नव्हे. तो प्रामाणिकपणा आहे. एकच आकडा लिहिला तर काय होते ते पाहा. मलिक काफूरची फौज होयसळांच्या द्वारसमुद्रापुढे आली ती हिजरी ७१० मध्ये. हे वर्ष मे १३१० अखेर सुरू झाले, म्हणून कोणी ती घटना १३१० मधील म्हणेल. परंतु महिना सवालचा होता हे ठाऊक असल्यामुळे ती फेब्रुवारी १३११ अखेरची ठरते.

मोगलांच्या रुपयांनी ही अडचण पुष्कळशी सोडविली आहे, कारण त्यांवर हिजरी सनाबरोबर जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्षही असते. औरंगजेबाने आपल्या जुलूस वर्षांची मोजणी १ रमजान १०६८ पासून करविली. त्यामुळे हिजरी वर्ष मोहरमात बदले आणि जुलूस वर्ष रमजानात. आता ज्या रुपयावर ११०० व ३२ असे दोन आकडे आहेत तो मोहरम ते साबान या काळातील, आणि ज्यावर ११०० व ३३ आहेत तो रमजान ते जिल्हेज या चार महिन्यांतील म्हणावा लागतो. दुसरा काळ इसवी तारखांत १९ जून ते १४ ऑक्टोबर १६८९ असा येतो. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा वध झाला. नोव्हेंबरच्या आरंभी रायगड पडला. म्हणजे पहिल्या रुपयाच्या काळात संभाजी महाराज पकडले गेले व मारले गेले, आणि दुसरा रुपया रायगडाला वेढा पडलेला असताना टांकसाळीतून बाहेर पडला. दोन लहानशा आकड्यांच्या एकत्र वाचनातून एवढे कळते. अर्थात टांकसाळीतील कारागीर जुना ठसा पुढे काही दिवस चालवीतच नसेल असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. कंपनी सरकारने तर शाह आलमच्या नावाचे ‘सन १९’ असे गोठविलेले वर्ष बंगालच्या रुपयांवर अनेक दशके छापले. तेथे आकडा काळ सांगत नाही, नाण्याची पत सांगतो.

आकडा वाचणे हेही सोपे नसते. ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने सनाचा एखादा अंक कडेबाहेर जातो, आणि तो बहुधा नेमका हवा असलेला अंक असतो! फार्सी दोन व तीन यांत एका रेघेचा फरक. पाच व शून्य झिजल्यावर सारखेच ठिपके. पूर्वीच्या दिल्ली व बहमनी नाण्यांपैकी कित्येकांवर सन अंकांऐवजी अरबी शब्दांत आहे, आणि त्यात आधी एकं, मग दहं, मग शतं असा क्रम असतो. मराठी वाचकास हा क्रम परका वाटू नये. पेशवे दफ्तरातील पत्रांवर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशी जी तारखेची ओळ असते तिचा अर्थही एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१ असाच आहे.

पण हा ११६१ हिजरी नव्हे. तो सुहूर सन, ज्यास अरबी सन किंवा मृगसालही म्हणत. हा सन हिजरीपासूनच निघाला. इ. स. १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ असताना, तेथून पुढे वर्षे सौर मानाने मोजावयास लागले आणि वर्षाचा आरंभ सूर्याच्या मृगनक्षत्रप्रवेशाशी, म्हणजे शेतकऱ्याच्या पेरणीच्या दिवसांशी जोडला गेला. कारण उघड आहे. पीक सूर्याच्या वेळापत्रकाने येते आणि सारा पिकावर घ्यावयाचा. अकरा दिवसांनी मागे सरकणाऱ्या वर्षावर वसुलीचा हप्ता बांधला तर काही वर्षांनी पेरणीपूर्वीच सारा मागण्याची पाळी येते. सुहूर आकड्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. १४ जानेवारी १७६१, पानिपतचा दिवस, सुहूर ११६१ मध्ये पडतो. त्याच दिवशी हिजरी सन ११७४ चालू होता. एकाच मुळापासून निघालेल्या दोन सनांत चारशेसतरा वर्षांत तेरा वर्षांची तफावत पडली होती. पानिपतच्या पत्रावरील ११६१ हा आकडा हिजरी समजून वाचणारा ते पत्र १७४८ मधील ठरवील आणि शाहू महाराजांच्या हयातीत पानिपत घडवील. दक्षिणेतील फसली सन हा याच जातीचा. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, आणि पुण्याच्या टांकसाळीतील उत्तरकालीन अंकुशी रुपयांवर तो आढळतो.

आता पुन्हा श्रीरंगपट्टणकडे वळू. हैदर अली डिसेंबर १७८२ मध्ये मरण पावला, तेव्हा हिजरी ११९७ नुकताच सुरू झाला होता. टिपूच्या पहिल्या चार वर्षांच्या नाण्यांवर ११९७ ते १२०० असे सन्मुख वाचावयाचे हिजरी आकडे दिसतात. पाचव्या वर्षी एकदम १२१५ येतो. टिपूने हिजरी सन सोडून मौलुदी, म्हणजे पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेला, नवा सन सुरू केला होता. त्याचे १२१५ वे वर्ष १७८७ च्या वसंतात सुरू झाले. अधिक चमत्कारिक गोष्ट अशी की त्याच वेळी अंक उजवीकडून डावीकडे लिहिण्याचाही आदेश झाला. त्यामुळे १२१५ हा आकडा नाण्यावर ५१२१ असा दिसतो. पहिल्या युरोपीय संग्राहकांची किती तारांबळ उडाली असेल याची कल्पना करता येते.

मौलुदी वर्ष हिजरीप्रमाणे केवळ चांद्र नव्हते. त्याचे महिने चांद्र असले, तरी अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळविलेले होते; महिन्यांना अहमदी, बहारी, जाफरी अशी नवी नावे होती, आणि वर्षे दक्षिणेतील साठ संवत्सरांच्या चक्राबरोबर चालत. १२१५ म्हणजे शके १७०९, प्लवंग संवत्सर. म्हणजे नाव इस्लामी परंपरेचे, पण चौकट तलकाडच्या जोशाच्या पंचांगाचीच. त्यामुळे या सनाचे रूपांतर हिजरीच्या मानाने फार सोपे आहे. आकड्यात ५७२ मिळवावे. येणाऱ्या वर्षाच्या वसंतापासून पुढील वसंतापर्यंतचा काळ मिळतो. आरंभीच्या पैशावरील १२२१ मध्ये ५७२ मिळविले की १७९३. तो आकडा निवडण्याचे कारणही आता चतुर वाचकाच्या ध्यानात आले असेल: १२२१ डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच आहे. अंक उलटे आहेत हे कळण्याची खूण त्यात नाही, आणि म्हणूनच तो इतर सर्व वर्षांपेक्षा अधिक फसवा आहे.

ताळा पाहण्याचे साधनही टिपूच्या नाण्यांतच आहे. त्याच्या सोन्यारुप्याच्या नाण्यांवर जुलूस वर्षही असते. मौलुदी १२१५ बरोबर ५, शेवटच्या १२२७ बरोबर १७. वजाबाकी दोन्ही ठिकाणी १२१०. एखाद्या नाण्यावर १२१८ व ६ असे आकडे आढळले तर वजाबाकी जुळत नाही, आणि मग वाचन पुन्हा तपासावे, नाही तर नाण्याच्या खरेपणाविषयी शंका घ्यावी. हेंडरसन यांनी हैदर व टिपू यांच्या नाण्यांवरील आपला ग्रंथ १९२१ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. तेव्हापासून या मालिकेचा उलगडा सर्वांस उपलब्ध आहे. तरीही जुन्या बाजारात टिपूच्या पैशाच्या कागदी पुडीवर ‘१८०६’ लिहिलेले दिसले तर आश्चर्य मानू नये.

आज हिशेब करावयास यंत्रे आहेत. पूर्वी तो कोष्टकांवरून होई, आणि त्या कोष्टकांमागे महाराष्ट्रातील विद्वानांचे मोठे कष्ट आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथात हिंदू व मुसलमानी तारखांची इसवी तारखांशी सांगड घालणारी कोष्टके आहेत. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री १७२८ ते १८८९ या काळातील तारखा देते, आणि त्यापूर्वीच्या शंभर वर्षांसाठी गणेश सखाराम खरे यांची शकावली आहे. स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, सौर मानाचे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले.

यंत्र असो वा जंत्री, त्यास आकडा कोणत्या सनाचा हे सांगावे लागते, आणि तो निर्णय नाणे हाती घेणाऱ्यासच करावयाचा असतो. त्याने प्रथम टांकसाळीचे नाव वाचावे, मग राजाचे, मग जुलूस वर्ष, आणि सनाकडे सर्वांत शेवटी वळावे. चौथा अंक कडेबाहेर गेलेला असेल तर तेवढी जागा रिकामी सोडावी. हिजरी ११०_ असा आकडा आणि ३३ असे जुलूस वर्ष उरले असेल, तर तो अंक शून्य किंवा एक यांपैकीच आहे. नाण्याचा काळ जून १६८९ ते जून १६९० एवढाच लिहावा.